शंतनुराव किर्लोस्कर : कारखान्याच्या दारातला पत्ता

नवी कंपनी काढणाऱ्याच्या मनात भांडवल, भागीदार, यंत्रसामग्री आणि बाजारपेठ यांचा विचार सतत चालू असतो. पत्त्याचा विचार मात्र बहुधा शेवटी येतो. अर्जातील एक रकाना भरायचा राहिलेला असतो. मग कुणा नातेवाइकाचा फ्लॅट, हिशेबनीसाचे कार्यालय किंवा भाड्याने मिळणारे एखादे टेबल त्या रकान्यात जाऊन बसते. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आहे आणि नोंदणीकृत कार्यालय हे तिचे घर आहे. न्यायालयाचे समन्स, करखात्याची नोटीस, भागधारकाची तक्रार आणि धनकोचा तगादा या साऱ्यांनी तिला गाठायचे ते याच घरी. म्हणूनच घर कुठे मांडायचे, हा कंपनीच्या आयुष्यातील पहिला गंभीर निर्णय ठरतो.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात हा निर्णय वारंवार ज्यांच्यासमोर आला, त्यांत शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी आहे. खडकी, हडपसर, कोथरूड ही नावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्योगाच्या नकाशावर ठळक झाली, त्यात त्यांच्या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. शंतनुरावांचे चरित्र आजवर अनेक अंगांनी सांगितले गेले. ते पत्त्यांच्या अंगाने वाचले, तर नव्या उद्योजकाला त्यातून घेण्यासारखे बरेच काही सापडते.

उठवलेला कारखाना

या कथेची सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु रंगांधळेपणामुळे रंगचित्रणाची वाट बंद झाली आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचा व्यवसाय करू लागले. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे हा नांगर खपवणे तो घडवण्यापेक्षाही अवघड गेले.

बाजाराने हळूहळू स्वीकारलेल्या या कारखान्याला जागेने मात्र दगा दिला. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे, हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले. लक्ष्मणरावांनी औंध येथे सभामंडपाचे काम केले होते आणि त्यांची पारख बाळासाहेबांना होती. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन ओसाड होती. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. १० मार्च १९१० हा दिवस किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. पुढे स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. जागेच्या आदेशावरून उठवल्या गेलेल्या कारखान्याने दोन दशकांच्या आत स्वतःच्या नावाचा पत्ता निर्माण केला, ही भारतीय उद्योगातील विरळा घटना होय.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वाडी वसली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ओतशाळा, भट्टी आणि लेथ यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी या वसाहतीत काम दिले, जबाबदारी दिली. कारखान्याभोवती घरे, शाळा, दुकाने उभी राहिली. कारखान्याचा पत्ता आणि कामगाराचा पत्ता एकच, असे ते जग होते.

एक गाव, अनेक राज्ये

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. कुटुंबाच्या उद्योगाला कंपनीचे रूप मिळाले आणि बाहेरच्या माणसांचा पैसा त्यात आला. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी काढलेले नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले आणि त्याबरोबर वाडीचे नावही गेले. सातारा कुठे आणि सांगली कुठे हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही किर्लोस्करवाडी ठाऊक झाली.

शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. त्या पदवीवर मुंबई-कलकत्त्यात मानाची नोकरी सहज मिळाली असती. ते वाडीला आले आणि कारखान्यात रुजू झाले. नांगर, चरक, मोटा यांच्या जोडीला पंप, लेथ, लोखंडी फर्निचर आणि डिझेल इंजिने या उत्पादनांचा विस्तार त्यांच्या कारकिर्दीत झाला.

मात्र संस्थानी पत्त्याच्या मर्यादाही याच काळात जाणवू लागल्या असाव्यात, असे नकाशा पाहिल्यावर वाटते. पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा मीटर गेजचा होता. मुंबईहून ब्रॉडगेजने आलेला माल पुण्याला उतरवून पुन्हा लहान डब्यांत भरावा लागे. अवजड यंत्रे आणि ओतीव लोखंड यांच्या बाबतीत हा खर्च आणि खोळंबा लहान नव्हता. वाढत्या उद्योगाला केवळ एका वाडीत सामावणे कठीण होते. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रावजारे बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. १९४६ मध्ये बंगळुरूला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपन्या निघाल्या.

त्यानंतरची दोन वर्षे वाडीची परीक्षा पाहणारी ठरली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. मोठी हानी झाली. तो पत्ता कायमचा सोडून देण्यास ते कारण पुरेसे होते. परंतु कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला आणि आजही त्या गावात पंप घडतात. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

येथे पत्त्याविषयीची एक गंमत लक्षात येते. किर्लोस्करवाडी जागेवरून हलली नाही, पण तिच्यावरचे राज्य बदलत गेले. १९१० मध्ये ती औंध संस्थानात होती. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेली. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा भाग झाली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. ज्या बेळगावातून कारखाना उठला ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. लक्ष्मणरावांचे निधन त्याच वर्षी २६ सप्टेंबरला, पुनर्रचना अमलात येण्याच्या महिनाभर आधी झाले. कंपनीच्या घटनापत्रात नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात आहे, एवढेच लिहिलेले असते. ते राज्य बदलणे कंपनीच्या हातात सहज नसते. इतिहास मात्र एका रात्रीत ते बदलू शकतो, हे या घराण्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

हडपसरची निवड

लक्ष्मणरावांचे पत्ते बहुधा परिस्थितीने ठरवले. शंतनुरावांनी आपले पत्ते निवडले, आणि हा या दोन पिढ्यांतील महत्त्वाचा फरक आहे. खडकीची जागा मुंबई-पुणे ब्रॉडगेज मार्गालगतची. दारूगोळा कारखान्यामुळे त्या परिसराला कुशल कामगारांची आणि कारखानी शिस्तीची जुनी सवय होती. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालय होते, मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारखी १९३४ पासून उद्योगाची बाजू मांडणारी संस्था होती. मुंबईची बाजारपेठ आणि बंदर एका रात्रीच्या प्रवासावर होते. जमिनीचा भाव मात्र मुंबईचा नव्हता.

१९५८ मध्ये हवा दाबणारी यंत्रे, म्हणजे एअर कॉम्प्रेसर, बनवण्यासाठी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा पत्ता ठरला हडपसरचा. आजच्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही; परंतु तेव्हाचे हडपसर हे शेतीचे गाव होते. इतिहासात त्याची नोंद १८०२ च्या लढाईसाठी, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला त्यासाठी होती. वारकऱ्यांना ते ठाऊक होते ते पालख्यांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात ते ठिकाण म्हणून. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते. खडकवासल्याच्या उजव्या मुठा कालव्यामुळे येथे भाजीपाला आणि ऊस पिकत असे.

पण कारखानदाराच्या नजरेने पाहणाऱ्याला त्याच गावात आणखी काही दिसत होते. पुणे-सोलापूर हमरस्ता गावातून जात होता. दौंडकडे आणि तेथून दक्षिणेकडे जाणारा ब्रॉडगेज लोहमार्ग जवळ होता. पाणी होते. पुणे शहर इतके जवळ होते, की अभियंता आणि कामगार रोज सायकलने येऊ शकत होता. आणि इतके लांब, की विस्ताराला वाव होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. तयार रस्ते, नळ आणि विजेच्या जोडण्या असलेले भूखंड उद्योजकाला मिळू लागले ते त्यानंतर. त्यापूर्वी शहराच्या कडेची जागा निवडणारा उद्योजक आपल्या अंदाजावर मोठा पैसा लावत असे. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्स निघाली ती कोथरूडला. तेही तेव्हा शहराबाहेरचे गावच होते.

दारातच उत्तरदायित्व

कारखाना गावात काढणारे अनेक होते. त्या काळच्या रीतीचा विचार केला, तर कारखाना गावात आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, अशी विभागणी सर्रास आढळते. टाटांच्या पोलाद आणि मोटार कंपन्यांचे कारखाने जमशेदपुरात आणि पिंपरीत असले, तरी त्यांचा पत्ता फोर्टमधील बॉम्बे हाउस. वालचंदनगर इंडस्ट्रीजचा कारखाना इंदापूर तालुक्यात, पण नोंदणीकृत पत्ता दीर्घकाळ मुंबईत. या रीतीमागे सबळ कारणे होती. शेअर बाजार, बँका, विमा कंपन्या आणि वकील मुंबईत होते.

शंतनुरावांच्या पुण्यातील कंपन्यांची रीत वेगळी राहिली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा पत्ता खडकीत, कारखान्यासमोरील लक्ष्मणराव किर्लोस्कर रस्त्यावर. किर्लोस्कर न्यूमॅटिकचा हडपसर औद्योगिक वसाहतीत. किर्लोस्कर कमिन्सचा कोथरूडला. जिथे यंत्र घडते तिथेच कंपनीचे घर. मूळ किर्लोस्कर ब्रदर्सचे नोंदणीकृत कार्यालय मात्र पुढे पुण्याच्या टिळक रस्त्यावरील उद्योगभवनात आले. समूह वाढल्यावर मध्यवर्ती कचेरीची गरज निर्माण झाली होती. म्हणजे या रीतीला अपवाद होता आणि त्यालाही कारण होते.

या निवडीचा व्यावहारिक अर्थ समजण्यासाठी कायद्याकडे पाहावे लागते. १ एप्रिल १९५६ पासून अमलात आलेल्या कंपनी कायद्यानुसार प्रत्येक कंपनीला ठरावीक मुदतीत नोंदणीकृत कार्यालय ठेवणे बंधनकारक होते. कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि पत्ता स्थानिक लोकांना वाचता येईल अशा लिपीत रंगवावा लागे. भागधारकांची नोंदवही सामान्यतः तेथेच ठेवली जाई. कंपनीवर बजावायची कागदपत्रे त्याच पत्त्यावर बजावली जात. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा एकतर त्या कार्यालयात किंवा ते ज्या शहरात अथवा गावात आहे त्याच्या हद्दीतच भरवावी लागे. साहजिकच खडकी-हडपसरच्या कंपन्यांचे भागधारक आपल्या संचालकांना जाब विचारायला पुण्यात जमत. पुण्याच्या मध्यमवर्गीयाने आपल्या बचतीतून घेतलेल्या शेअरांची सभा त्याला बसने जाता येईल अशा ठिकाणी भरे. गुंतवणूकदार, कामगार आणि व्यवस्थापक एकाच गावचे रहिवासी झाले, तर त्यांच्यातील अंतर कमी होते. पुण्यात उद्योगाविषयी जे आपलेपण निर्माण झाले, त्याचे एक मूळ येथे आहे.

या आपलेपणाला दुसरी बाजूही होती. पत्ता कारखान्याच्या दारात असला, की संप, मोर्चा, तक्रार हे सारेही त्याच दारात येते. मालक दूरच्या शहरात आहेत, ही सबब तेथे चालत नाही. शंतनुरावांचे स्वतःचे घरही पुण्यातच, मॉडेल कॉलनीत होते. त्या बंगल्याचे नाव ‘लकाकी’. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर या नावातील आद्याक्षरांपासून ते तयार झाले आणि पुढे त्या रस्त्यालाही चिकटले.

नाव जाते, जागा राहते

शंतनुरावांना १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले. परवाने आणि नियंत्रणे यांच्या काळात खासगी उद्योगाची बाजू त्यांनी स्पष्टपणे मांडली. डिझेल इंजिने त्यांनी परदेशी पाठवली आणि भारतीय यंत्र निकृष्ट असते या समजाला छेद दिला. त्यांची प्रत्येक निवड फळली असे नाही. नाशिकच्या ट्रॅक्टर प्रकल्पाला अपेक्षित यश मिळाले नाही. हरिहरचा कारखाना त्यांच्या निधनानंतर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. एका कंपनीभोवती वाढलेल्या गावाचे काय होते, याचा धडा हरिहरने दिला. पत्ता जितका कंपनीचा, तितकाच तो गावाचाही असतो, हे अशा वेळी कळते.

२४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात शंतनुरावांचे निधन झाले. त्यानंतर किर्लोस्कर कमिन्समधून किर्लोस्कर हे नाव गेले आणि ती कमिन्स इंडिया झाली. तरीही पुढे बरीच वर्षे तिचा पत्ता कोथरूडच राहिला. हडपसरची कथा आणखी वेगळी. १९६६ मध्ये तेथे सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि ‘२१२/२, हडपसर’ हा शेतजमिनीच्या गटक्रमांकासारखा दिसणारा पत्ता लशींच्या कुप्यांवरून जगभर गेला. एकविसाव्या शतकात मगरपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र करून नवे नगर वसवले. जिथे कालव्याच्या पाण्यावर ऊस होता, तिथे संगणक कंपन्या आल्या. कारखान्यांच्या मागोमाग रस्ते, वीज, वाहतूक, कुशल माणसे आली होतीच. पुढच्या पिढीने त्यांचा उपयोग केला.

आजच्या उद्योजकासाठी

आज हडपसरच्या एखाद्या सदनिकेत दोन मित्र संगणकावर बसून कंपनी नोंदवतात, तेव्हा त्यांच्यापुढे लोहमार्गाचा किंवा कालव्याच्या पाण्याचा प्रश्न नसतो. पत्त्याचा प्रश्न मात्र असतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार स्थापनेपासून तीस दिवसांच्या आत, आणि त्यानंतर कायम, पत्रव्यवहार स्वीकारू शकेल असे नोंदणीकृत कार्यालय कंपनीला असावे लागते. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती, मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा आणि दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज, पाणी, टेलिफोन किंवा गॅस यांचे बिल द्यावे लागते. घराच्या पत्त्यावर कंपनी नोंदवता येते. परंतु गृहनिर्माण संस्थेचे नियम आणि घरमालकाची इच्छा आधी विचारलेली बरी. कंपनी प्रत्यक्षात व्यवसाय करीत नाही, असे मानण्यास सबळ कारण असेल, तर निबंधकांना त्या पत्त्याची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा अधिकार आहे. आणि पत्ता खोटा आढळला तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते.

पत्ता बदलता येतो, पण प्रत्येक पायरीला किंमत वाढते. त्याच शहरात जागा बदलायची तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. शहराबाहेर जायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. त्याच राज्यात एका निबंधकाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात, उदाहरणार्थ पुण्याहून मुंबईस जायचे तर प्रादेशिक संचालकांची मंजुरी घ्यावी लागते. आणि राज्यच बदलायचे तर केंद्र सरकारची मंजुरी, धनकोंना सूचना, जाहिराती हे सारे सोपस्कार येतात. म्हणूनच दोन वर्षांनी सोडायच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आज सोपा वाटला, तरी त्याचा हिशेब आजच मांडावा. जो पत्ता देऊ, तिथे येणारे टपाल रोज कुणीतरी उघडणार आहे का, हा साधा प्रश्न प्रथम विचारावा. मुदतीत उत्तर न दिलेल्या नोटिशीतून अनेक छोट्या कंपन्यांची मोठी संकटे सुरू होतात.

बेळगावहून उठवल्या गेलेल्या बापाच्या मुलाने पत्त्याकडे कधी हलकेपणाने पाहिले नाही. बाजारपेठ, वाहतूक, पाणी आणि माणसे यांचा विचार करून त्याने जागा घेतल्या आणि आपल्या कंपन्यांची पाटी त्या जागांच्या दारावर लावली. सापडण्याची तयारी असलेल्या माणसालाच असे करता येते. हडपसरहून सोलापूर रस्त्याने जाताना औद्योगिक वसाहतीच्या बाजूने नजर गेली, तर १९५८ चा तो निर्णय ध्यानात यावा आणि नव्या कंपनीच्या अर्जातला पत्त्याचा रकाना भरताना हात क्षणभर थांबावा, एवढे तरी शंतनुरावांच्या चरित्राने करायला हरकत नाही.